माझा वाटा मले पाहिजे

मुलाखती घ्यायला जाताना मी प्रश्न आधीच लिहून नेते. सानगडीत डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यात नोंदणीच्या कामाला बाई हवी होती, म्हणून त्यांनी मला मदतीला बोलावलं होतं. "पूर्ण वेळ जमेल ना?" हा माझा तिसरा प्रश्न. बाकीच्या सगळ्या जणी लगेच हो म्हणाल्या. ती एकटी म्हणाली, "नाही. दुपारनंतर येईन."

तिशीची असेल. हात मांडीवर उताणे ठेवून ताठ बसली होती. तळव्यांवर दोरीचे घट्टे होते.

"सकाळी काय असते, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"तलावात जाळं ओढतो, सर. आमच्याकडे जाळ्याले हात लावला तरच वाटा भेटते."

"नवरा जात असंल ना?"

"जाते ना. त्याचा वाटा त्याचा. माझा मले पाहिजे."

"मंग नोकरी कायले पाहिजे?"

"बारावी शिकली, सर. तेही वाया कायले घालवू?"

तिला नोकरी मनापासून हवी होती. पण त्यासाठी सकाळ लपवायला ती तयार नव्हती.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शेतावरची माणसंही दुपारनंतरच येतात दवाखान्यात."

"दोनले याल?" त्यांनी तिला विचारलं.

"येईन. हाताले मासोळीचा वास राहील थोडा."

"राहू द्या. इथं फिनाईलचा आहेच."

ती पहिल्यांदा हसली.

घरी आल्यावर मी तिसरा प्रश्न खोडला. आता तिथे लिहिलंय, "तुम्हाला कोणती वेळ जमेल?"