पुण्याच्या पाहुण्याचं तिखट

मसाला भाजल्याचा खमंग वास आला, आणि आमच्या महाल भागातल्या घरातली ताईच्या साखरपुड्याची सकाळ आठवली. कोणत्या पाहुण्याला पाटोडीचा रस्सा किती तिखट हवा, ते फाइलमध्ये लिहिणारा पायथन प्रोग्राम मी हौसेनं केला होता. तो पुण्याच्या होणाऱ्या भाऊजींपाशीच अडकला. या ऑब्जेक्टला, म्हणजे त्यांच्या नोंदीला, 'तिखट' हा अ‍ॅट्रिब्यूटच नाही, असा एरर आला, कारण त्यांना विचारायचंच राहिलं होतं. आचारी खोळंबलेला. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग काहून थांबून राहिला गा? ज्यानं सांगितलं नाही, त्याले आपल्यासारखंच झणझणीत!" मी क्लासमध्येच, म्हणजे सगळ्या पाहुण्यांच्या नोंदींच्या साच्यातच, 'झणझणीत' ही डीफॉल्ट किंमत टाकली आणि फाइल झटक्यात लिहून झाली. जेवताना भाऊजींनी डोळे पुसत पुसत पुन्हा रस्सा मागितला. आजचा वास त्यांच्याच पुण्यातल्या स्वयंपाकघरातला आहे, आणि ताई ओरडतेय, "अहो, मिरची जरा कमी टाका!"