मोतीलालला काय पाहायचं होतं

हर्षा सरकारी दवाखान्यात डोळे तपासायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मशीनवर डोळा मोजून कोणत्या नंबरचं भिंग बसवायचं ते काढून देणं, हे तिचं काम. घरात सरकारी पगार घेणारी ती पहिली, त्यामुळे कोंढा गावात तिचा रुबाब होता. तो उतरवायला शेजारची बायजाबाई एकटी पुरेशी होती.

बायजाबाईच्या उजव्या डोळ्यात हर्षानंच मोजलेलं, नेहमीसारखं लांबचं दाखवणारं भिंग बसलं होतं. जवळच्यासाठी चष्मा दिला होता, पण म्हातारी तो लावेल तर शपथ! दर रविवारी ती सूप घेऊन अंगणात बसायची आणि हर्षाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "त्या टोकावरचा टॉवर दिसते मले. सुपातला खडा नाही दिसत. आता टॉवर शिजवून खाऊ का?"

हर्षा हसायची, पण ते तिला लागलं होतं. भिंग एकदा बसलं की बसलं.

म्हणून आंधळगावचे मोतीलाल मुलाबरोबर तपासणीला आले आणि चाळीस वर्षं हातमाग चालवतात असं कळलं, तेव्हा हर्षानं मनात निकालच लावून टाकला. यांना जवळचंच भिंग हवं. ती डॉक्टरांकडे गेली आणि तावातावानं बायजाबाईची सगळी कथा सांगितली.

"पटलं," डॉक्टर म्हणाले. "मोतीलालना विचारलंस?"

"विणकर आहेत, सर. बायजाबाईसारखीच केस आहे."

"बायजाबाईला तरी विचारलं होतंस का?"

हर्षाचा चेहरा उतरला. ती परत मोतीलालच्या बाकड्याकडे आली. या वेळी तिनं कागद न उघडता सरळ विचारलं, "बाबाजी, ऑपरेशन झाल्यावर तुम्हाले काय पाहाचं आहे?"

मुलगा भूपेंद्र मध्येच म्हणाला, "जवळचंच टाका, मॅडम. माग बंद पडून राहिला."

"डोळा माहा आहे का तुहा?" मोतीलाल म्हणाले. "धागा तुटला का पायालेच कळते. जोडतात ते बोटं. डोळ्याचं काय काम तिथं?"

"मंग?" हर्षानं विचारलं.

मोतीलाल जरा लाजले. "आमचा भैयाजी आहे. लहानपणापासूनचा दोस्त. रस्त्याच्या पलीकडून हात करे, मले दिसे नाही. त्याले वाटलं, मले गर्व चढला. सांगून पाहिलं तं म्हणते, बहाणे नको करू. दीड वर्ष झालं, बोलत नाही."

"एका हातासाठी लांबचं भिंग टाकाचं?" भूपेंद्र हसला.

हर्षा हसली नाही. तिनं पट्टीच्या कापडातून एक धागा ओढला, तोडला, तुकडे मोतीलालच्या हातात दिले आणि त्यांना डोळे मिटायला सांगितलं. भूपेंद्र काही बोलायच्या आत धागा जोडून तिच्या हातात आला होता. तरीही तिनं त्यांना बायजाबाईची गोष्ट सांगितली. "कपड्यातला बारीक दोष पाहाले चष्मा लागल. मग मले बोल लावाल."

"लावीन जी चष्मा. मी काही तुमची बायजाबाई नाही."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. हर्षाच्या सांगण्यावरून भूपेंद्रनं भैयाजीला आणलं होतं, पण तो आत येईना. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ फुगून उभा होता. मोतीलाल दारात आले. भैयाजीनं उगाच, अर्धाच हात वर केला.

मोतीलालचे दोन्ही हात वर गेले. "अबे भैयाजी! बटनं वरखाली लावली तुनं!"

"दीड वर्षानं बोलला," भैयाजी तरातरा रस्ता ओलांडत ओरडला, "तेही बटनावर!"

व्हरांड्यातले सगळे पेशंट हसले. डॉक्टरही.

रविवारी हर्षा स्वतःहून बायजाबाईच्या अंगणात गेली. म्हातारीचा डावा डोळाही आता ऑपरेशनला आला होता.

"आजी, या डोळ्यानं काय पाहाचं आहे तुले?"

"खडा," बायजाबाई फटकन म्हणाली. मग तिनं सूप खाली ठेवलं. "थांब पण. उद्या सांगीन. पहिल्यांदा विचारलं कोणी, जरा विचार तं करू दे."