वडाचा घेर चार बोटं कमी

झाडं मोजणाऱ्याकडे आकडे कमी आणि किस्से जास्त साठतात. रस्ता रुंद करण्याआधी कडेची झाडं मोजणारे आम्ही तिघं: सर, टेप धरणारे नाना आणि मी. किस्से कोणी मुद्दाम गोळा केले नाहीत, पाल्यासारखे साचत गेले.

*

घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, असं आम्हाला शिकवलेलं. सर सहा फुटी, नाना जेमतेम पाच. एकाच कडुनिंबाचा घेर सकाळी सरांनी घेतला, दुपारी नानांनी. नानांचा वीतभर जास्त!

सर वैतागले, "झाड जेवून आलं का?"

"झाड तेच आहे सर, छाती बदलली!" नाना म्हणाले.

तेव्हापासून एका लांब काठीवर साडेचार फुटांची खूण केली.

*

उंचीसाठी हाताच्या लांबीची काठी हात ताठ करून समोर उभी धरायची आणि झाड तिच्यात मावेपर्यंत मागे सरकायचं. झाडापर्यंतचं अंतर तेवढी उंची. रावेरला नाना एक डोळा मिटून मागे मागे गेले आणि केळीच्या पाटात पडले.

आम्ही धावलो. पाटातून आवाज आला, "मावलं सर! इथूनच मोजा!"

*

दीपनगरजवळ सावलीवरून उंची काढत होतो. शेंड्याची सावली संपते तिथेच एक म्हैस बसलेली. काही केल्या उठेना.

मालक म्हणाला, "राहू द्या साहेब. ती उठायच्या आधी सावलीच उठेल!"

*

साक्रीकडच्या एका गावात जुना वड होता. सरांची बायको त्याच गावच्या शाळेत मॅडम. घेर ठरलेल्या मापाएवढा भरला तर रस्ता वळणार, नाहीतर वड तुटणार. टेप लावली. चार बोटं कमी! मला वाईट वाटलं, सरांनाही. पण वाईट वाटून घेर वाढत नाही.

समोर राहणाऱ्या अक्का म्हणाल्या, "सकाय परत मोजा."

दोनदा मोजायची पद्धतच होती. सर हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर बरोबर खुणेच्या उंचीवर वडाला सुताचे वेढेच वेढे! गावातल्या बायका शेजारी उभ्या.

"वटपौर्णिमा कधीच झाली की!" सर म्हणाले.

"आमनी राही गयथी," अक्का म्हणाल्या.

"सूत काढा. त्याशिवाय माप होणार नाही."

कोणी हललं नाही. शेवटी सरांनीच सुताला हात घातला.

"काढा सायेब," अक्का शांतपणे म्हणाल्या, "वरला वेढा मॅडमना शे."

वरचा वेढा सरांच्याच बायकोचा! सरांनी सुतावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "नाना, टेप लावा. सुताच्या वरूनच."