रकसॅकमधली ओटी

नात एकटीच जग फिरायला निघाली, तेव्हा घरात सगळ्यांना केवढा अभिमान वाटला होता. इकडे शाळा संपली की युनिव्हर्सिटीला जाण्याआधी काही मुलं एक वर्ष मोकळं घेतात, त्याला गॅप इयर म्हणतात. सून फोनवर प्रत्येकीला सांगायची, "एकटी जातेय हो, अगदी एकटी. आम्ही नाही अडवलं." लंडनजवळच्या आमच्या मिल्टन कीन्समधली मराठी मंडळी गणपतीला जमली, तेव्हाही तिचंच कौतुक चाललं होतं. मी पुऱ्या लाटत ऐकत होते. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण आनंद मलाही होता, फक्त माझं कारण निराळं होतं.

तिच्या फिरण्याचा शेवटचा मुक्काम माझं माहेर होतं. आधी न्यूझीलंड, मग थायलंड आणि मार्चमध्ये मुंबई. हे तिनेच ठरवलं होतं. "आजी, तू लंडनवरून डायरेक्ट फ्लाइट घे. मी एअरपोर्टवर येते. मग आपण दोघी आक्काआजीकडे जाऊ." मुलानेही मान डोलावली होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. फलटणजवळच्या गावात एकटी राहते. तिला भेटून अकरा वर्षं झाली. लंडनची पोर येणार म्हणून तिने संडासात खुर्चीसारखं भांडं बसवून घेतलं आणि शेजारणीकडून त्याचा फोटो मला पाठवला. संडासाचा फोटो पाहून कुणाचे डोळे भरतात का? माझे भरले.

नात निघायच्या दोन दिवस आधी मी धीर करून सुनेला म्हटलं, "पोर एवढ्या लांब चाललीय. तिची ओटी भरतेस का?" आमच्याकडे लांब निघालेल्या लेकीला रिकाम्या ओटीने धाडत नाहीत.

सून हसली. "अहो आई, ती काय सासरी चाललीय? रकसॅक घेऊन चाललीय. आणि मी हे सगळं मानत नाही, तुम्हाला माहितीये."

म्हणजे ती भरणार नव्हती आणि मी भरायची नव्हती. नवरा गेल्यापासून मी कुणाच्या ओटीला हात लावलेला नाही. ही नात पोटात असताना याच घरात सुनेचं डोहाळेजेवण झालं. ओटीचं ताट माझ्याकडे आलं, तसं विहीणबाईंनी ते वरच्या वर उचललं आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा हो, दमलात." मी पहाटेपासून स्वयंपाकघरात उभी होते, तेव्हा दमलात असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. भरलेली रकसॅक जिन्याखाली उभी होती. मी देवाला हात जोडले. नव्या ब्लाउजपीसमध्ये मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी बांधली आणि गाठोडं सॅकच्या तळाशी मोज्यांखाली सारलं. नारळही घालायचा होता, पण तो वजनाने कळला असता. मी कुणाला सांगितलं नाही. कुणी ते काढून टाकील ही भीती होती, आणि माझ्या हाताचं आहे हे कळण्याचीही.

न्यूझीलंडला उतरल्यावर फॉर्मवर विचारतात, खायचं काही, बी-बियाणं काही बरोबर आहे का. तिने नाही असं लिहिलं. मग वास घेणारा कुत्रा आला आणि तिच्या सॅकपाशी बसला. तांदूळ, हळकुंड, सुपारी टेबलावर मांडून तिला विचारलं, हे काय आहे, कुणी दिलं, खोटं का लिहिलंस? पोरीला काहीच सांगता येईना. दंड झाला, कितीतरी वेळ बसवून ठेवलं, पुढची बस चुकली. तिचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो.

"आजी, तू का ठेवला ते? मला विचारला पण नाही!" ती हुंदके देत होती. "सगळे लोक बघत होते. मला वाटला, ते मला परत पाठवणार. इट वॉज माय बॅग, आजी!"

चुकलं गं माझं, एवढं म्हणायला हवं होतं. मुलाने फोन घेतला. नंतर मला म्हणाला, "आई, एका शब्दाने विचारायचंस तरी!"

ते मला लागलं नाही. चूक माझी होती. लागलं ते पुढचं. सुनेने पुण्याला आपल्या आईला फोन लावला. मी ओट्यापाशी होते आणि फोन स्पीकरवर होता. विहीणबाई म्हणाल्या, "अगं, पण त्यांनी कशी भरली ओटी? त्यांचा हात लागू नये, एवढं कळत नाही? मग विघ्न येईल नाहीतर काय!"

सून आता म्हणेल, मी हे मानत नाही. मी वाट पाहत राहिले. ती म्हणाली, "हो ना. मला पण तेच वाटलं."

ओटी खोटी, देव खोटे, आणि माझ्या हाताचा अपशकुन तेवढा खरा. याच हातांनी तिच्या पोरीला न्हाऊ घातलं, भात कालवून भरवला, शाळेतून इथल्या लाल पायवाटेने हाताला धरून आणलं. तेव्हा हिला ऑफिसला जायची घाई असायची. हात कुणाचे, ते कुणी पाहिलं नाही.

फेब्रुवारीत मुलगा जेवताना म्हणाला, "आई, तिचा प्लॅन बदललाय. थायलंडमध्ये मैत्रिणी मिळाल्यात, त्यांच्याबरोबर ती व्हिएतनामला जातेय. इंडिया यावेळी राहू दे म्हणतेय. तुला सॉरी सांगितलंय."

"मग मी जाते," मी म्हणाले. "एकटी."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगा हसला. वाईट नाही हसला, लहान मुलाला हसतात तसा हसला. "एकटी? आई, तू इथून सिटी सेंटरपर्यंत बसने तरी कधी एकटी गेलीस का?"

"विमानतळावर व्हीलचेअर मिळते ना..."

"आणि मुंबईला घ्यायला आता कुणी नाही, मध्येच काही झालं तर?" सून म्हणाली. "उगाच रिस्क नको, आई. पुढच्या वर्षी सगळेच जाऊ."

अठरा वर्षांची पोर पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला रडत बसली, तरी तिला कुणी परत ये म्हणालं नाही. मी माझ्या गावाला निघते म्हटलं तर रिस्क. हे इथे लिहिते आहे. तिथे मी फक्त आमटी वाढली.

आक्काचा फोन आला. "कधी निघताय गं?" मला कुणी येऊ देत नाही, हे तिला कसं सांगायचं? मी म्हणाले, "पोरीला कावीळ झालीय, आक्का. डॉक्टर प्रवास नको म्हणतात."

आक्का घाबरली. तिने देवीचे मंगळवार धरले. दर आठवड्याला फोन करून विचारायची, "डोळे पिवळे आहेत का अजून? तेलकट देऊ नकोस. उसाचा रस मिळतो का तिकडे?" इकडे मोबाइलवर नातीचे फोटो येत होते, होडीत बसलेली, उन्हाने रापलेली, हसणारी. आणि मी आक्काला सांगत होते, उतार पडतोय, पण हळूहळू.

कावीळ एवढे महिने राहत नाही, हे आक्कालाही कळत असणारच. काल तिने पोरीचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "तू जेवलीस का?"

मी हो म्हणाले.