नजर न लागणारं नाव

सास्तूरच्या राजेश्वरीचं आठवडाभर कॉम्प्युटरशी भांडण चाललं होतं, आणि तेही नुसत्या नावावरून. पोरगी धाराशिवला कॉम्प्युटर शिकलेली, लग्न होऊन इथं आली आणि गावच्या डेअरीसाठी दुधाची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहायला बसली. चेअरमन सिद्धारामअण्णांनी बजावलं होतं, की सोमवारी सगळ्यांदेखत चालवून दाखव. स्क्रीनवर एक जरी पिवळी ओळ दिसली, तर डेअरीतली नोकरी विसर. अण्णांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पिवळं म्हणजे वाईट एवढं पक्कं माहीत.

आता प्रोग्रामात प्रत्येक आकड्याला नाव द्यावं लागतं. राजेश्वरीनं दुधाच्या फॅटला नुसतं 'एफ' ठेवलं. प्रोग्राम तपासणारा कंपायलर पिवळ्या ओळीत म्हणाला, नाव तोकडं आहे. ऐसपैस 'म्हशीच्यादुधातलीफॅट' केलं, तर म्हणे फार लांबलं. मधे मोठं इंग्रजी अक्षर घातलं, तर म्हणे ही रीत नव्हे. मग रीत कोणती, ते काही मुडदा सांगेना! 'दूधफॅट' केलं, तर म्हणे आधीच्या 'दूधभाव'सारखं दिसतंय. प्रोग्राम बिनचूक चालत होता, नुसत्या बारशालाच विघ्न. रडावं की हसावं कळेना, आणि मग ती अशी हसत सुटली की डोळ्यांतून पाणी आलं.

हसणं ऐकून सासूबाई शेंगा फोडायच्या सोडून आल्या. त्यांचं नाव दगडाबाई, आणि जन्मभर त्या नावाची लाज. तुळजापूरला लॉजवर नाव विचारलं, की पदर तोंडाला लावून सुनेला पुढं ढकलायच्या. त्यांनी सुनेचं सगळं रामायण ऐकून घेतलं.

"लई देखणी नावं ठिवतीस, मग दिष्ट लागंल न्हाय तर काय? माज्या अगुदरची लेकरं जगंनात, म्हणून आईनं मला दगडाबाई म्हटलं. बघ, अजून ठणठणीत हाय. तुज्या फॅटलाबी त्येच ठिव."

राजेश्वरीनं गंमत म्हणून ठेवलं. कंपायलर गप्प. पुन्हा चालवलं, तरी गप्पच. अक्षरं सगळी लहान, लांबी बेताची, दुसऱ्या कुणासारखं नाही. मेल्याला बोट ठेवायला जागाच उरली नव्हती. सासू-सुनेनं भर उन्हात अंगणात फुगडी घातली.

सोमवारी डेअरीत ही गर्दी. पिवळी ओळ एकही नाही. पण अण्णांनी चष्मा सरसावून स्क्रीनवरचं ते नाव वाचलं आणि हे कोण म्हणून विचारलं. माणसं खुसूखुसू हसली. मागं दगडाबाईंनी पदर तोंडावर ओढला. राजेश्वरी पुढं झाली. नोकरी त्या एका उत्तरावर होती.

"आमच्या आत्याबाई हायत अण्णा. यांच्या नावाला कुणाचीच नजर लागत न्हाय, या मशीनचीबी न्हाय."

अण्णा पोट धरून हसले आणि उद्यापासून कामावर ये म्हणाले. तेव्हापासून गावात कुणी फॅट म्हणत नाही. आज माझी दगडाबाई किती लागली, असंच विचारतात.

पुढं दोघी तुळजापूरला गेल्या. लॉजवाल्यानं नाव विचारलं. राजेश्वरी सवयीनं पुढं झाली, तर सासूबाईंनी तिला कोपरानं बाजूला सारलं आणि पदर खाली घेतला.

"दगडाबाई," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटरला चालतंय. लिवा."