सूट असलेलं उत्पन्न

माझा थोरला भाऊ अकोल्याला असतो आणि त्याला सगळं कळतं. एका सरकारी कार्यालयातून तो अधीक्षक म्हणून निवृत्त झाला. तेव्हापासून अर्ध्या नातेवाइकांचं आयकराचं विवरणपत्र तोच फुकट भरून देतो. फुकट म्हणजे दोन तास त्याचं ऐकून घ्यायचं.

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात गणित शिकवलं. पहिली दहा-बारा वर्षं तासिका तत्त्वावर गेली. कायम झाले तोवर जुनी पेन्शन बंद झाली होती आणि आमच्या वाट्याला एनपीएस ही नवी पेन्शन योजना आली. निवृत्त झाल्यावर साठलेल्या रकमेतला मोठा भाग हातात मिळतो. उरलेल्यातून विमा कंपनीची पेन्शन घ्यावीच लागते, तिथे आपल्याला कोणी विचारत नाही. मी सप्टेंबरअखेर निवृत्त झाले आणि दोन महिन्यांनी ती पेन्शन खात्यात यायला लागली. त्या वर्षी निम्म्या वर्षाचा पगारही होता, त्यामुळे कर लागणारच होता.

जुलैत कागद घेऊन मी बसने अकोल्याला गेले. भावाने चष्मा लावला, कागद चाळले आणि पेन्शनचा कागद बाजूला सारला.

"हे नाही दाखवायचं."

"काहून?" मी विचारलं.

"एनपीएसच्या पैशाले सूट असते."

"भाऊ, सूट हातात आलेल्या रकमेले आहे. पेन्शनले कुठं आहे? आणि ते आयकर खात्याच्या माहितीपत्रकात दिसूनच राहिलं."

तो वहिनीकडे पाहून हसला. "बाई, तू पोरायले गणित शिकवलं. कर वेगळा असते."

त्याच्या या हसण्यापुढे मी लहानपणापासून गप्प बसत आले आहे. तेव्हाही बसले. त्याच्याइतकीच मला माझीही कीव येते, कारण नियम मी आदल्याच रात्री दोनदा वाचला होता. त्याने पेन्शन सोडून दिली, एकरकमी मिळालेली रक्कमही कुठेच लिहिली नाही आणि विवरणपत्र पाठवून टाकलं. वर म्हणाला, "पाहा, किती सोपं होतं."

नोव्हेंबरात आयकर खात्याचा मेसेज आला. माझ्या नावावर दिसणारं उत्पन्न आणि मी दाखवलेलं उत्पन्न जुळत नव्हतं. मी भावाला फोन केला.

"फसवणुकीचे मेसेज असतात ते. उघडू नको," तो म्हणाला.

मी खात्याच्या साइटवर जाऊन पाहिलं. मेसेज खरा होता. माझे कागद भावाकडेच राहिले होते, म्हणून त्या रविवारी पुन्हा अकोला गाठलं. भाऊ दाढी करत होता. त्याने आतूनच वहिनीला माझे कागद काढून द्यायला सांगितलं. वहिनीने कपाटातून एक निळी फाईल आणून माझ्या हातात दिली. ती त्याची होती. वरच एका सीएची फीची पावती होती आणि खाली भावाचं विवरणपत्र. त्यात त्याची पेन्शन, ठेवींचं व्याज, बचत खात्याचं किरकोळ व्याज, सगळं रुपयापर्यंत दाखवलेलं.

"वहिनी, हे भाऊ स्वतः नाही भरत?"

"नाही वं. त्यायचं तर दरसाल सीएकडेच जाते," वहिनी सहज म्हणाली.

भाऊ टॉवेलने गाल पुसत बाहेर आला. फाईल माझ्या मांडीवर पाहून थबकला.

"तुमी सीएले पैसे देता," मी म्हटलं. "आणि माझं घरी भरता."

"माझं काम किचकट आहे. तुझं काय, साधं होतं."

"साधं होतं म्हणून चुकवलं?"

"आता एवढ्याशा रकमेसाठी तू भावाले बोलून राहिली?"

मी माझे कागद मागून घेतले आणि चहा न घेता निघाले. रिकामा कप हातात धरून वहिनी दारापर्यंत आली.

सुधारित विवरणपत्र भरायला डिसेंबरअखेरपर्यंत मुदत होती. मी ते स्वतः भरलं. पेन्शन इतर उत्पन्नाच्या रकान्यात, एकरकमी रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात. अर्धा तास लागला. राहिलेला कर आणि त्यावरचं व्याज भरलं. पुढे खात्याकडून काही आलं नाही.

फेब्रुवारीत एका लग्नात मावशीने मला बाजूला घेतलं. "भाऊनं तुले पेन्शन दाखवाले सांगितलं होतं म्हणते. तू ऐकलं नाही म्हणे." चार खुर्च्या पलीकडे भाऊ कोणाला तरी मृत्युपत्र कसं करायचं ते समजावत होता. मी मावशीला खरं काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे, थोरला आहे."

गेल्या महिन्यात भातकुलीच्या चुलतभावाचा फोन आला. तोही एनपीएसवाला, नुकताच निवृत्त झालेला. मी त्याला पेन्शन कुठे लिहायची, एकरकमी रक्कम कुठे लिहायची ते नीट सांगितलं. कागद घेऊन ये, म्हटलं, मी भरून देते. भातकुलीहून अमरावती म्हणजे काय, ऑटोनेही येता येतं.

"येतो ना ताई," तो म्हणाला. "फक्त एकडाव भाऊले विचारून घेतो."

परवा कळलं, तो कागद घेऊन अकोल्याला गेला होता.