न पडलेली पायरी

हा अनुभव पाठवावा की नाही, यात माझे चार महिने गेले. या सदरात लोक पिंपळाखालच्या बाईबद्दल वगैरे लिहितात आणि मी ते चहाबरोबर वाचून नाक मुरडते. माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. आमच्याकडे काही विचित्र दिसलं की आधी डेटा तपासतात, मग कोड, मग स्वतःचा चष्मा. त्यापलीकडे जायची वेळ येत नाही. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही... मीही हसले असते.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. घरातल्याच एका खोलीत बसून मिरजेच्या डॉक्टर मुलामुलींना थिसिससाठी आकडेमोड करून देते. मुलं हुशार असतात, पण आलेख म्हटलं की तोंडं उतरतात. गेल्या डिसेंबरात ऋतुजा आली. एमडीच्या शेवटच्या वर्षाला, सांगलीचीच, बोलायला इतकी मऊ की समोरच्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. तिचा विषय होता, पेसमेकर बसवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं. जुने कागद काढून, घरोघर फोन करून तिने माहिती जमवली होती.

अशा अभ्यासात एक आलेख असतोच. तो थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर डावीकडून एक आडवी रेघ निघते. पेशंट गेला की रेघ एक पायरी खाली उतरते. जो अजून हयात आहे किंवा ज्याचा पुढचा पत्ताच लागला नाही, त्याच्यासाठी पायरी नाही. रेघेवर फक्त अधिकचं एक बारीक चिन्ह. म्हणजे हा माणूस इथपर्यंत होता, पुढचं आम्हाला माहीत नाही. सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप काढतं. मी जे वापरते त्याचं नाव एकाच इंग्रजी अक्षराचं आहे आणि गेली पंधरा वर्षं मी त्याच्याशी नवऱ्यापेक्षा जास्त भांडलेय.

पहिले दोन दिवस नेहमीचीच रडगाणी. चित्राची खिडकी लहान आहे म्हणून सॉफ्टवेअर रुसलं आणि काहीच काढेना. खिडकी ओढून मोठी केली, काढलं. मग मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले. फॉन्ट बदलला, अक्षरं आली. हे सगळं आमचं रोजचंच. आलेख सुरेख दिसत होता, ऋतुजा प्रिंट घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "मॅडम, सरांनी परत पाठवलंय. तक्त्यात अकरा मृत्यू आहेत आणि पायऱ्या दहाच आहेत म्हणतात."

तिचे सर पेन्सिलीने पायऱ्या मोजणाऱ्यांपैकी आहेत, हे मला तेव्हा कळलं. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "दोघे एकाच महिन्यात गेले असतील. मग एकच मोठी पायरी पडते." फोन ठेवून डेटा पाहिला. अकरा जणांचे अकरा वेगळे महिने.

पायऱ्या मोजल्या. दहा.

सातवी पायरी नव्हती. जिथे ती पडायला हवी तिथे रेघ सरळ पुढे गेली होती आणि तिच्यावर अधिकचं चिन्ह होतं. त्याच सॉफ्टवेअरने त्याच फाइलमधून काढलेला तक्ता म्हणत होता, चौतीस नंबरचा पेशंट मयत. चित्र म्हणत होतं, माहीत नाही.

मग मी पदर खोचला. चित्राची खिडकी बंद करून नव्याने उघडली. स्क्रीनऐवजी थेट पीडीएफमध्ये काढलं. रंग बदलले, जाडी बदलली. सॉफ्टवेअर काढून टाकून पुन्हा टाकलं. शेवटी तयार आज्ञा सोडून दिली आणि एकेक पायरी स्वतः कोड लिहून काढली, म्हणजे मध्ये काही लपायला जागाच नको. दर वेळी चित्र वेगळं, आणि दर वेळी ती पायरी गायब.

माझी मैत्रीण वैशाली साताऱ्याच्या कॉलेजात हाच विषय शिकवते. तिला फाइल पाठवली.

"अगं, एखादी ओळ गाळली असशील," ती म्हणाली. "पाच मिनिटं दे."

दीड तासाने तिचा फोन आला. "दहाच येतायत गं." आणि मग, "तू माझी काही चेष्टा तर करत नाहीयेस ना?"

वैशाली मला बी.एस्सी.पासून ओळखते. तिने असं विचारावं याचं मला वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आलेखाचा कागद आणला. शाळेत वापरायचो तो, हिरव्या चौकटींचा. अकरा वाजले असतील. आत मावशी भांडी घासत होत्या, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. तक्ता समोर ठेवला, पट्टी आणि पेन्सिल घेतली आणि ठरवलं की हातानेच काढायचं. हातात काही बग नसतो.

सहा पायऱ्या उतरून झाल्या. सातव्या जागी पेन्सिल टेकवली. "इथे खाली," असं मी तोंडाने म्हटलंही. मावशींनी आतून विचारलं, "मला काय म्हणाला का?" मी नाही म्हटलं आणि कागदाकडे पाहिलं.

रेघ सरळ पुढे गेली होती. तिच्यावर अधिकचं चिन्ह होतं, नीट, पट्टीला धरून काढलेलं. ते माझ्या हाताने काढलं होतं आणि काढल्याचं मला आठवत नव्हतं.

सरळ सांगते, मी घाबरले. पेन्सिल खाली ठेवली आणि मावशी जाईपर्यंत स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ उभी राहिले. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुपारी ऋतुजाला फोन केला. "चौतीस नंबर कोण आहे?"

"नामदेव आबा, मॅडम. मेढ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथले."

"ते गेले हे कुणी सांगितलं?"

"मीच फोन केला होता मे महिन्यात. त्यांच्या मिसेसनी उचलला. आबा आहेत का विचारलं, तर म्हणाल्या, गेले. कधी विचारलं, तर शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. आवाज खूप जड होता त्यांचा. मला पुढे विचारवेना. काळजी घ्या म्हटलं आणि ठेवला."

"गेले, म्हणजे नक्की काय शब्द वापरला?"

"गेले, मॅडम." पलीकडे वॉर्डातला गोंगाट तेवढा ऐकू येत होता.

आपल्याकडे माणूस मेला तरी गेला आणि बाजारात गेला तरी गेलाच. मी पंधरा वर्षं या 'गेले'चा एक आकडा करून फाइलमध्ये भरतेय, आणि हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

नंबर घेऊन मीच फोन लावला. खूप वेळ वाजला, मग एका बाईने उचलला.

"दवाखान्यातून बोलतेय, मिरजेच्या. नामदेव आबांची चौकशी करायची होती."

"ते न्हाईत हितं. गेलं न्हवं का ते शिमग्याच्या दुसऱ्या दिशी."

मी विचारलं, "कुठे गेले, काकू?"

"कुटं जात्यात? भनीकडं. कवठ्याला, म्हांकाळाच्या. म्हस इकली म्हून भांडान काढलं आन् पिशवी उचलून गेलं. नऊ म्हयनं झालं, द्राक्षाच्या बागंत राखणीला हायत म्हनं. तुमीच सांगा तेस्नी, किती दिस रुसायचं मानसानं." आणि पुढे, "मागं बी एका पोरीचा फोन आलता तुमच्यातनं. काळजी घ्या म्हनली. लय मायाळू वाटली बगा."

मी कसाबसा बहिणीचा पत्ता घेतला. आपण कशासाठी विचारतोय हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

ऋतुजाला कळवलं तेव्हा ती रडायलाच लागली. आबा जिवंत आहेत याचा आनंद होताच, पण रडायचं कारण दुसरं होतं. तिने आबांची जुनी फाइल उघडली होती. पेसमेकरची बॅटरी संपत आली की तो बदलावा लागतो. शेवटच्या तपासणीत बॅटरी थोडीच उरली आहे असं लिहिलं होतं आणि उन्हाळ्यात परत बोलवायचं होतं. पण मे महिन्यात तिने 'मयत' लिहिलं आणि बोलवायच्या यादीतून आबांचं नाव निघालं. त्यांचं हृदय जवळजवळ सगळं त्या यंत्रावरच चालत होतं.

आम्ही शुक्रवारी सकाळीच माझ्या गाडीने निघालो. मिरज सोडल्यावर तासाभराचा रस्ता, ऋतुजा सबंध वाटेत आबांची फाइल मांडीवर उघडून बसली होती. बाग कवठ्याच्या पुढे, ओढ्याच्या कडेला होती. आबा बांधावर गोणपाट टाकून बसले होते. वाळकं अंग, डोक्याला टॉवेल. आम्हाला बघून उठायला गेले आणि वेलाच्या खांबाला धरून तसेच उभे राहिले.

"भवळ येती अधनंमधनं," ते म्हणाले. "औषद मारत्यात न्हवं बागंवर, तेचा वास चढतुय."

ऋतुजाने त्यांची नाडी धरली. घड्याळाकडे बघत बराच वेळ धरून ठेवली. मग माझ्याकडे पाहून नुसतं म्हणाली, "आत्ताच न्यायला हवं."

आबा तयार होईनात. दवाखान्याने बोलवलंच नाही, म्हणजे सगळं बरं असणार, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ऋतुजाने खाली मान घालून खरं काय ते सांगून टाकलं.

"मंजी मी मेलो हुतो व्हय?"

"कागदावर, आबा. चूक माझी आहे."

"आन् आमच्या हिनं सांगितलं?"

"त्या फक्त गेले म्हणाल्या."

आबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, "तिचं काय चुकलं न्हाई. गेलोच हुतो की." गाडीत बसताना त्यांनी मागे वळून विचारलं, "पर मग तुमास्नी कळलं कसं, मी हाय म्हून?"

ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तपासताना लक्षात आलं." यापेक्षा खरं काही मला सुचलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांना नवा पेसमेकर बसवला. ऋतुजाचे सर बाहेर येऊन एवढंच म्हणाले की जुना आणखी किती दिवस चालला असता हे कुणी विचारू नका. तिसऱ्या दिवशी मेढ्याहून काकू आल्या. त्यांनी आधी आबांना भरपूर बोलून घेतलं आणि मग त्यांच्या पायाशी बसून राहिल्या.

मी फाइल दुरुस्त केली. मृत्यू दहा, पायऱ्या दहा. चौतीस नंबरचं अधिकचं चिन्ह मधल्या जागेवरून उठून रेघेच्या पार शेवटी जाऊन बसलं. थिसिस जमा झाला.

आता एवढी मोठी गडबड सापडली तर सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लोकांना कळवायला हवी. त्यासाठी ती चूक पुन्हा घडवून दाखवावी लागते. जानेवारीत मी जुनी, न सुधारलेली फाइल काढली. तोच कोड, तोच लॅपटॉप. चालवलं.

अकरा पायऱ्या. सातवीसुद्धा, स्वच्छ, जिथे हवी तिथे.

वैशालीलाही चालवायला सांगितलं. तिने दहा मिनिटांत कळवलं, अकरा. नवा हिरवा कागद घेऊन हाताने काढून पाहिलं. हात मुकाट्याने खाली उतरला. डिसेंबरातली चित्रं मात्र माझ्या फोल्डरमध्ये अजून आहेत आणि त्यांत दहाच पायऱ्या आहेत. म्हणजे तेव्हा आम्हा दोघींना भास झाला होता असंही म्हणता येत नाही. वैशालीला हा विषय काढलेला आता आवडत नाही. मी चित्राची खिडकी, फॉन्ट, मेमरी, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. मला काही सापडलं नाही.

इतकंच असतं तर मी लिहिलं नसतं. माणूस वाचला, गोष्ट चांगली झाली, कारण नाही कळलं तर नाही कळलं. पण जानेवारीत त्या अकरा पायऱ्यांकडे बघत बसले असताना मला एक जुनी गोष्ट आठवली आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

लग्नाआधी मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एक खोली घेऊन हेच काम करायचे. अगदी सुरुवातीचे दिवस. कर्करोगाच्या पेशंटवरचा एक थिसिस होता. बाइंडिंगवाला दुकान बंद करायच्या घाईत, ती डॉक्टर मुलगी दारात उभी, आणि माझ्या लक्षात आलं की आलेखात एक पायरी कमी छापली गेलीय. प्रिंटरला चार शिव्या घातल्या. पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी पट्टी लावली आणि काळ्या पेनाने ती पायरी स्वतः काढली. चार प्रती होत्या, चारही प्रतींवर. इतकी बेमालूम जमली की आम्ही दोघी हसलो होतो.

ती मुलगी आता परदेशात असते. मी तिला शोधून मेल केला. तिच्याकडे डेटा नाही. थिसिस घरी कुठेतरी असेल म्हणाली, पण आलेखात नावं नसतात. माझा त्या वेळचा कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. त्या घरी कुणी फोन केला होता आणि पलीकडून काय उत्तर आलं होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

तो पेशंट कितव्या नंबरचा होता हे आठवायचा मी रोज प्रयत्न करते. पट्टी आठवते, पेन आठवतं. नंबर आठवत नाही.